गोधडीची सुई आणि बोटाची टोपी



गळीत हंगाम आटोपतो, टोळ्या आपापल्या गावाला परततात, आणि मग चैत्र-वैशाखाच्या उन्हात घरोघरी दुसराच एक हंगाम सुरू होतो. ट्रंका उघडतात. जुनी लुगडी, पातळे, फाटकी धोतरे, विटलेल्या चादरी बाहेर निघतात. मोटारीच्या पाण्यावर धुणे होते, बांधावर वाळवण पडते, आणि दुपारची जेवणे झाली की सोप्यात तळवट अंथरून दोघीतिघी बायका सुई-दोरा घेऊन बसतात. कोणी तिला गोधडी म्हणते, कोणी वाकळ, कोणी लेपडे. नाव काहीही घ्या, थंडीत उसाला पाणी पाजून रात्री दोनला घरी आलेल्या माणसाला तिची जी ऊब लागते ती विकतच्या ब्लँकेटला नाही, हे आमचे मत आहे आणि ते आम्ही बदलणार नाही.

या पानावर एरवी बेणे, खत, खोडवा यांचे पाठ असतात. आज पाठ आहे सुई ढकलणाऱ्या बोटाचा आणि त्या बोटात घालायच्या टोपीचा. पुरुष सभासदांनी कृपा करून पान उलटू नये. बाजारात बहुधा तुम्हीच जाता. शिवाय घरचे फाटके बारदान दाभणाने शिवायची पाळी तुमच्यावरही येतेच. तुमच्यासाठीही पुढे मजकूर आहे.

आधी घरची गोष्ट सांगतो. आमच्या थोरल्या जाऊबाई गोधडीत हुशार. टाका असा की वरून बघा की खालून बघा, सारखाच. बोटाला टोपी घाला म्हटलं की म्हणायच्या, “अगं, टोपी घालून का कुठं सुई कळती? तुझं आपलं शहरातलं खूळ.” आम्ही गप्प बसायचो. काही वर्षांपूर्वी ज्येष्ठ लागला होता, पाऊस तोंडावर आला होता, आणि एका गोधडीचा मधला वीतभर चौकोन तेवढा राहिला होता. नेमका त्या जागी आतल्या पातळाचा काठ दुमडून दुहेरी झालेला. सुई अडली. जाऊबाईंनी उघड्या मधल्या बोटाने जोर लावला, आणि सुई पुढे जायच्याऐवजी नेढ्याकडून उलटी बोटाच्या शेंड्यात शिरली, नखाच्या अगदी मुळाशी.

मग आपण सगळे करतो तेच झाले. बोट तोंडात घातले, हळद दाबली, चिंधी बांधली आणि संध्याकाळी त्याच हाताने शेण काढले. चौथ्या दिवशी बोट ठणकायला लागले. गरम तेलाने शेकले. सहाव्या दिवशी रात्रभर डोळ्याला डोळा नाही, तेव्हा कुठे दवाखाना. डॉक्टरांनी बोट कापून पू काढला. पुढे नखही गेले. पंधरा-वीस दिवस तो हात कामातून गेला. म्हशीच्या धारा आम्ही काढल्या, आणि त्या म्हशीला आमचा हात पसंत नव्हता हे तिने लाथेने सांगितले. त्याच सुमारास आडसाली लागणीची घाई. औषधपाणी, जाणेयेणे, बेणे तोडायला लावलेली जादा बाई, सगळे जमेला धरले तर त्या खर्चात आख्ख्या गावाला बोटाच्या टोप्या आल्या असत्या. साधी टोपी मिळते दोन-चार कप चहाच्या पैशात.

या टोपीचे जुने नाव अंगुस्तान. शिंप्याच्या दुकानात हा शब्द अजून ऐकू येतो. तो फारसीतून आला. फारसीत बोटाला ‘अंगुश्त’ म्हणतात. अस्तर, दर्जी हे शब्दही त्याच वाटेने आपल्याकडे आले. गंमत अशी की जर्मन भाषेतही या वस्तूच्या नावाचा अर्थ बोटाची टोपी असाच होतो. म्हणजे आपल्या आयाबायांनी जे नाव ठेवले तेच तिकडच्यांनाही सुचले.

आता मुद्द्याकडे येऊ. सुईला टोक एकच असते असे आपण धरून चालतो, पण बोटाच्या दृष्टीने तिला दोन टोके. नेढ्याकडची बाजू बोथट दिसते खरी, तरी तिची जाडी ती किती? तुम्ही बोटाने जेवढा जोर लावाल तो सगळा तांदळाच्या कणीएवढ्याही नसलेल्या जागेवर एकवटतो. कापडाचे दोन पदर असतील तर बोट ते सोसते. पण गोधडीत पाच-सहा पदर असतात, काठाशी आणि ठिगळाशी त्याचे आठ-दहा होतात. तिथे कापड कठीण की बोट कठीण, अशी शर्यत लागते. अंगुस्तान त्या दोघांच्या मध्ये उभे राहते. ते बोट वाचवते हे तर झालेच, पण बोट दुखेल ही भीती गेली म्हणजे जोर सरळ सुईच्या रेषेत लागतो. सुई वाकत नाही, मोडत नाही, टाका एका ओळीत येतो. टोपीने काम हळू होते म्हणणाऱ्या बायका बहुधा चुकीच्या मापाची टोपी घालून, एक दिवस शिवून, टाकून दिलेल्या असतात.

काही जणी म्हणतात, आमच्या बोटाला घट्टाच पडलाय, आम्हाला काय करायची टोपी? घट्टा असतो हे खरे. पण शेतात काम करणाऱ्या बाईचे बोट शिंपिणीच्या बोटासारखे नसते. खुरपे, माती, उसाचे पाचट यांनी घट्ट्याला भेगा पडलेल्या असतात, आणि नेढे सरकून नेमके त्या भेगेत जाते. भेगेत आधीच माती, शेण. पू व्हायला आणखी काय पाहिजे?

टोपी घेताना पहिली गोष्ट बघायची ती धातू. बाजारात पितळी, पोलादी, निकेलचा मुलामा दिलेली, ॲल्युमिनियमची आणि प्लास्टिकची अशी अंगुस्ताने मिळतात. गोधडीसाठी पोलादी किंवा जाड पितळी घ्यावे. ॲल्युमिनियम मऊ, जाड कामात सुई त्याला पाडते खड्डा आणि एक दिवस आरपार येते. प्लास्टिकचे तर बटण लावायला आणि पोरींना शिकवायला ठीक. दुकानदार सगळ्यालाच स्टील म्हणून सांगतो, तेव्हा खिशात लोहचुंबकाचा तुकडा असला तर लावून बघावा. साध्या पोलादाला तो धरतो, पितळेला आणि ॲल्युमिनियमला धरत नाही. स्टेनलेसच्या काही जाती मात्र चुंबकाला धरत नाहीत, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका. अंगठ्याने कडा दाबून बघा. दबली तर ठेवून द्या.

नरम धातूची अडचण जुनी आहे. इंग्लंडात हौसेने चांदीची अंगुस्ताने वापरत. दिसायला सुंदर, पण चांदी मऊ, सुई तिच्यातून निघे. तेव्हा हॅलिफॅक्स गावच्या चार्ल्स हॉर्नर या सराफाने चांदीच्या दोन पत्र्यांच्या मध्ये पोलादाचा पत्रा घालून टोपी केली आणि १८८४ साली तिचे पेटंट घेतले. वरून चांदी, आतून पोलाद. आपल्याला चांदी नको, पण गोष्ट ध्यानात ठेवावी: टोपीचा सगळा जीव तिच्या कठीणपणात आहे, चकाकीत नाही.

पितळेचा एक दोष म्हणजे घामाने ते हिरवे पडते आणि बोटाला, कापडालाही डाग देते. चिंचेने घासून, कोरडे करून ठेवले की झाले. निकेलचा मुलामा काहींच्या कातडीला सोसत नाही. बोटाला खाज सुटते, बारीक पुरळ येते. ज्यांना नकली दागिन्याने कानाला खाज येते त्यांनी मुलाम्याची टोपी घेऊच नये.

दुसरी गोष्ट खळग्यांची. अंगुस्तानाच्या अंगावर जे बारीक बारीक खड्डे असतात ते नक्षी म्हणून नाहीत. सुईचे नेढे त्यात बसते आणि सरकत नाही. जुन्या काळी कारागीर हे खळगे एकेक करून हाताने ठोकत. जर्मनीतले न्युरेंबर्ग शहर पंधराव्या-सोळाव्या शतकात या कामासाठी नावाजलेले होते. पुढे १६९३ साली जॉन लॉफ्टिंग नावाच्या मूळच्या डच माणसाने इंग्लंडात यंत्रावर अंगुस्ताने करण्याचे पेटंट मिळवले, आणि मग ही वस्तू स्वस्त झाली. दुकानात टोपी हातात घेतली की एक सुई मागून घ्या आणि नेढे खळग्यात टेकवून बाजूला ढकलून बघा. जागच्या जागी अडकून राहिले तर खळगा खोल आहे. सुर्रकन घसरले तर ती टोपी उघड्या बोटापेक्षा वाईट, कारण घसरलेली सुई शेजारच्या बोटात जाते. खळगे शेंड्यावरही हवेत आणि अंगावरही हवेत. काही स्वस्त टोप्यांना नुसत्या रेघा ओढलेल्या असतात, त्या काही कामाच्या नाहीत.

तिसरे म्हणजे कड. ती बाहेरच्या बाजूला गोल वळवलेली असावी. पत्रा नुसता कापून सोडला असेल तर पहिल्या पेराच्या सांध्याला काचते. पत्र्याला सांधा असेल तर तो आतून बोट फिरवून तपासावा.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट माप. टोप्यांवर नंबर असतात, पण एका कारखान्याचा नंबर दुसऱ्याशी जुळेलच असे नाही. बोट घालूनच बघावे लागते. टोपी शिवणाऱ्या हाताच्या मधल्या बोटात जाते. डावखुऱ्या बाईने डाव्या हाताच्या मधल्या बोटात घालावी, तिला कोणी हसू नये. टोपी घालून हात खाली सोडा आणि भाकरीचे पीठ झटकतो तसा दोनदा झटका. पडली तर सैल. न पडता राहिली, तर पाच मिनिटे तशीच ठेवून काढा. बोटाला लाल वळ उठला असेल, शेंडा काळानिळा दिसत असेल, तर घट्ट. बोटाचा शेंडा आत टोपीच्या छताला जेमतेम टेकला पाहिजे. मध्ये मोकळी जागा राहिली की टोपी डुगडुगते आणि “सुई कळत नाही” ही जाऊबाईंची तक्रार खरी ठरते. मधल्या बोटाचे नख मात्र कापलेले हवे, नाहीतर शेंडा टेकणार कसा?

उन्हाळ्यात बोटे फुगतात, थंडीत आक्रसतात. सकाळी गार पाण्यात धुणे धुऊन लगेच बाजारात जाऊन माप घेतले तर दुपारी ती टोपी चढायची नाही. ज्या वेळी शिवायला बसता त्याच वेळी माप घ्यावे. बारा महिने शिवणाऱ्या बाईने दोन मापांच्या दोन टोप्या ठेवल्या तर आम्ही तिला उधळी म्हणणार नाही.

घरधनी एकटेच बाजारला निघाले असतील तर काय करायचे? कागदाची बोटभर रुंद पट्टी नखाच्या मुळाशी बोटाभोवती गुंडाळायची, जिथे टोक येते तिथे खूण करायची, तेवढी कडी करून पिठाच्या खळीने चिकटवायची आणि मालकांच्या पाकिटात ठेवायची. टोपी त्या कडीवर अंगासरशी बसली की घ्यायची. अशी कडी कटलरीच्या दुकानात काढायला लाज वाटते असे एका सभासदांनी आम्हाला सांगितले. पंपाचा नटबोल्ट आणायला जुना नट खिशात घालून नेतात, तेव्हा नाही वाटत!

टोप्यांचे आकारही एकच नाहीत. वर बंद असलेली ती आपली नेहमीची. शिंपी लोक जी वापरतात ती वरून उघडी, नुसत्या कड्यासारखी असते. शिंपी शेंड्याने ढकलत नाही, नखाच्या बाजूने ढकलतो, म्हणून त्याला छत लागत नाही आणि बोटाला वारा लागतो. ज्यांचे नख वाढलेले, किंवा ज्यांना घाम फार येतो, त्यांनी ही वापरून बघावी. तिसरी कातड्याची टोपी. ती मऊ, बोटाला सवयीची लवकर होते, पण जाड कामात महिना-दोन महिन्यांत भोक पडते. चपलेच्या जुन्या मऊ पट्ट्यातून ती घरीही होते. दोन तुकडे बोटाच्या आकाराचे कापून कडेने शिवायचे, आणि ढकलायच्या जागी आणखी एक चकती आतून बसवायची.

जपानात साशिको म्हणून एक शिवण आहे. तिकडच्या गरीब घरांतही जुन्या कापडाचे थर एकमेकांवर घालून साध्या धावदोऱ्याने शिवत, ऊब यावी म्हणून आणि कापड टिकावे म्हणून. म्हणजे आपल्या वाकळीची लांबची मावसबहीणच. तिथे लांब सुईवर एकाच वेळी पुष्कळ टाके भरतात आणि सुई बोटाच्या शेंड्याने ढकलत नाहीत, तळव्याने ढकलतात. त्यासाठी मधल्या बोटाच्या मुळाशी एक कडे असते आणि त्याला तळव्याच्या बाजूने चकती लावलेली असते. आपल्याकडेही गोधडीत चार-पाच टाके सुईवर घेऊन मग ओढतात, तेव्हा ही युक्ती आपल्याला परकी नाही. जिच्या बोटांचे सांधे वयाने आखडले आहेत, तिला तळव्याचा जोर फार सोयीचा पडतो.

आता बारदानाचे. दाभण आणि सुतळी घेऊन पोते शिवताना बोटाची टोपी पुरत नाही. तिथे जोर तळव्याचा लागतो. जहाजाची शिडे शिवणारे लोक हाताला कातड्याची रुंद पट्टी बांधत, अंगठा बाहेर काढून, आणि तळव्यावर खळगे असलेली धातूची चकती बसवलेली असे. पुरुष सभासदांनी जुन्या पट्ट्याचा तुकडा तळव्याला बांधून त्यावर पत्र्याची चकती बसवली तरी काम भागते. नुसत्या तळव्याने दाभण ठोकू नये. तळव्यात खोल गेलेले दाभण बोटाच्या जखमेपेक्षा वाईट, कारण बोटे हलवणाऱ्या शिरा तिथूनच जातात.

टोपी आणली, आता घालून शिवायचे कसे? सुई अंगठा आणि त्याच्या जवळचे बोट यांच्या चिमटीत धरायची. मधले बोट वाकवायचे आणि नेढे टोपीच्या बाजूच्या खळग्यात, नखाच्या अंगाने, टेकवायचे. चिमटीने फक्त दिशा द्यायची, ढकलायचे मधल्या बोटाने. पहिले दोन दिवस मधले बोट सारखे सरळ होऊन बाजूला उभे राहील, जसे पाहुणे आल्यावर पोर कोपऱ्यात उभे राहते. यावर शिंप्यांचा जुना उपाय आहे. उमेदवार पोराचे मधले बोट वाकवून फडक्याच्या पट्टीने तसेच बांधून ठेवत आणि नुसती सुई ढकलायला लावत, दोरा न ओवता. घरी एवढी कडक शाळा नको, पण रोज दहा मिनिटे दोन पदरी फडक्यावर बिनदोऱ्याची सुई चालवावी. आठ-दहा दिवसांत बोटाला कळते. त्यानंतर टोपी नसली तरच चुकल्यासारखे होते.

सुईचेही दोन शब्द. पाकिटावरचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. कुंपणाच्या तारेच्या गेजसारखेच हे आहे, दहा गेजपेक्षा चौदा गेजची तार बारीक असते ना, तसे. फार बारीक सुई गोधडीत वाकते, फार जाड घेतली तर जुन्या विरलेल्या लुगड्याला भोके पडतात आणि धुताना तिथेच फाटते. मधली, लांब, आणि नेढे गुळगुळीत असलेली घ्यावी. दोरा मेणावरून एकदा ओढला तर गुंता कमी होतो आणि सुईही हलकी चालते. मुख्य म्हणजे गोधडी घालतानाच विचार करावा. पातळांचे जाड काठ एकावर एक येऊ देऊ नयेत. एकतर काढून टाकावेत, नाहीतर बाहेरच्या पट्टीला वापरावेत. जाऊबाईंची सुई अडली ती काठाच्या दुहेरी पदरात, हे विसरू नका. बोटाची निम्मी काळजी गोधडी अंथरतानाच घेतली जाते.

सुई अडली आणि टोक पलीकडे दिसत असेल तर ती दातांनी ओढण्याची सवय फार जणींना आहे. दाताचा कण उडतो, सुई मोडून ओठात जाते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुपयाएवढा तुकडा जवळ ठेवावा. त्यात सुई धरली की सरसर निघते. आमच्या घरी मुलांच्या फुटक्या फुग्यावर भागते.

डाव्या हाताचे काय, असा प्रश्न एका भगिनीने विचारला होता. बरोबर विचारला. उजवे बोट ढकलते, पण टोक येते ते डाव्या हाताच्या बोटावर. त्या बोटाला धातूची टोपी घातली तर टोक लागले की नाही हे समजत नाही, टाका मोठा होतो. तिथे पातळ कातड्याची टोपी, नाहीतर दवाखान्यातली चिकटपट्टी दोन वेढे द्यावी. टोचलेले कळते, रक्त निघत नाही.

साखर कारखान्याच्या पानावर साखरेच्या आजाराबद्दल बोलायला संकोच वाटतो, पण बोलतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी टोपीशिवाय सुई हातात घेऊ नये. त्यांची जखम लवकर चिघळते, उशिरा भरते, आणि आजार जुना असेल तर टोचल्याचे बोटाला नीट कळतही नाही. चष्मा लावून, उजेडात बसावे.

सुई खोल गेलीच तर बोट तोंडात घालू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे, स्वच्छ फडके बांधावे, आणि त्या हाताने शेणात, मातीत जाऊ नये. धनुर्वाताची लस मोठ्या माणसांनाही दर दहा वर्षांनी घ्यावी लागते. शाळेत असताना घेतली होती, यावर विसंबू नये. नखाच्या कडेला लाली येऊन नखुरडे होते, ते वेळेवर दाखवले तर बहुधा लवकर आवरते. पण बोटाचा शेंडाच गच्च सुजला, हृदयाच्या ठोक्याबरोबर ठणकायला लागला, त्या ठणक्याने झोप लागेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शेंड्याच्या आत मांसाचे लहान लहान बंद कप्पे असतात. पू त्यात कोंडतो, रक्त पोचू देत नाही, आणि थांबले तर हाडापर्यंत जातो. तेल, शेक, वाटलेला पाला यांनी तो बाहेर येत नाही. जाऊबाईंचे दोन दिवस याच शेकण्यात गेले.

शिवून उठताना सुया मोजाव्यात. पाच घेऊन बसलो तर पाच डबीत गेल्या पाहिजेत. सुई मोडली तर तिचे दोन्ही तुकडे हातात आल्याशिवाय पुढचा टाका घालू नये. लहान बाळाचे दुपटे असेल तर दुप्पट काळजी. हरवलेल्या तुकड्यावर तेच लोहचुंबक फिरवावे. पदरांच्या आतूनही ते सुईला ओढून धरते, कापड जरासे उचलते, आणि जागा सापडते. हल्ली बचत गटाच्या भगिनी शहरात विकायला गोधड्या शिवतात. त्यांनी तर गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी चुंबक फिरवल्याशिवाय घडीच घालू नये. एका गोधडीत सुई निघाली की गावच्या सगळ्या गोधड्यांचे नाव जाते.

जाऊबाई आता टोपी घालतात. बोट बरे झाल्यावर पहिल्यांदा आम्ही आणून दिलेली सैल झाली, तर ती त्यांनी परत पाठवली नाही; आत दोरा गुंडाळून महिनाभर वापरली आणि मग भाऊजींच्या पाकिटात कागदाची कडी घालून दुसरी मागवली. टोपी हरवते फार, म्हणून तिला एक बारीक भोक पाडून दोऱ्याने सुयांच्या डबीला बांधा असे आम्ही सुचवले होते. भोक पाडायचे ते खाली कडेला, ढकलायच्या जागी नाही. त्यांनी ते मनावर घेतले नाही. मागच्या दिवाळीत चार दिवस टोपी सापडत नव्हती, घरभर शोधाशोध झाली. शेवटी अंगणात नातवंडांनी केलेल्या किल्ल्यावर मिळाली. बालेकिल्ल्यावरच्या देवळाचा तो घुमट होता, आणि तो काढू द्यायला पोरे काही केल्या तयार नव्हती.